ढकलता येईल अशी गाडी

मालकाचे नाव: वग्दी इस्कंदर.

व्यवसाय: दातांच्या कवळ्या बनवतो. कैरोच्या शुब्रा भागातल्या आमच्या गल्लीत मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. पहिली दहा वर्षं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

गाडीचा रंग: अर्जात पांढरा, काळा, चंदेरी आणि इतर असे चार चौकोन आहेत. इतर. पुढे 'खुलासा करा' म्हणून बोटभर जागा सोडली आहे. तिथे मी 'पिस्ता' लिहिलं. तो तिचा रंगही आहे आणि नावही.

दरवाजे: चार. उघडणारे तीन.

*

जुनी गाडी देऊन नवी घेण्याचा हा अर्ज मला मकरमने दिला. मकरम म्हणजे माझ्या होणाऱ्या जावयाचा, फादीचा, सख्खा काका. कैरोबाहेरच्या नव्या वसाहतीत त्याचं मोटारींचं शोरूम आहे. त्यात गाड्या कमी आणि काच जास्त. साखरपुड्याला आम्ही पिस्तानेच गेलो होतो. तिला दारात पाहून मकरम तिच्याभोवती एक फेरी मारून आला. जेवणानंतर बसबूसा, म्हणजे रव्याची गोड वडी, खाताना एकदम म्हणाला, "वग्दी बे, आता आपण एक घर झालो. तुम्ही या डब्यातून हिंडायचं आणि मी गाड्या विकायच्या? लोक मला काय म्हणतील?" बे म्हणजे राव, मानाने हाक मारायची तर.

मग त्याने बेत सांगितला. काळी जर्मन सेडान, घरातला भाव. लग्न रविवारी, म्हणून मंगळवारीच गाडी आमच्या दारात. चार दिवस वापरून बघा. शनिवारी संध्याकाळी मी येतो, सही केलेला अर्ज घेतो आणि तुमची जुनी घेऊन जातो.

"आणि पिस्ताचं काय?" मी विचारलं.

"पिस्ता कोण?"

"गाडी."

"भंगारात जाईल. दुसरं काय करणार तिचं?" असं म्हणून त्याने माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. प्रेमाने वाढला. मकरम वाईट माणूस नाही, हीच पंचाईत होती. मुलीच्या लग्नाच्या तोंडावर वरपक्षाच्या काकाला 'नको' म्हणायला काहीतरी भक्कम कारण लागतं, आणि माझ्याकडे कारण नव्हतं. फक्त पिस्ता होती.

माझी बायको सुहेर हिच्याकडे मात्र कारणं होती. घरी येताच तिने गुडघ्यावर हात मारला.

"तुझ्या लाडकीचं आसन जमिनीला टेकलंय. मला बाहेर पडायचं तर दोन्ही हात धरून ओढावं लागतं. रविवारी चर्चच्या दारात, फादीच्या आईसमोर, तू मला बाटलीच्या बुचासारखी उपटून काढणार आहेस?"

"हळूच काढीन."

"बूचच ना शेवटी!"

*

आजवर चाललेले किलोमीटर: मार्लीन चालायला लागली त्याच सुमारास काटा थांबला. मार्लीन माझी मुलगी. आता सव्वीस वर्षांची आहे. त्यावरून काय तो हिशोब करावा.

अपघात: एक. उसाच्या रसाची गाडी आडवी आली. चूक उसाची.

वाहन कुठे उभे केले जाते: रस्त्यावर. कोणत्या ठिकाणी ते सांगता येणार नाही.

हे अर्जात मावण्यासारखं नाही. आमच्या गल्लीत गाड्या जागेच्या दुप्पट आहेत. म्हणून पदपथाला लागून पहिली रांग आणि तिला चिकटून बाहेर दुसरी. दुसऱ्या रांगेत गाडी लावणारा माणूस ती न्यूट्रलला टाकतो, हँडब्रेक खाली ठेवतो आणि घरी जाऊन निवांत झोपतो. आतल्या गाडीला निघायचं असलं की बाहेरच्या ढकलायच्या, थोड्या पुढे, थोड्या मागे. मालकाला उठवायचं नाही. हँडब्रेक ओढून जाणाऱ्या माणसाशी आमच्याकडे लग्नसंबंध करत नाहीत.

हे सगळं अम्म बयूमी बघतो. अम्म म्हणजे काका, पण तो सगळ्या गल्लीचाच काका. उन्हाळा असो की थंडी, अंगात तेच लोकरी जाकीट. त्याच्या एका हातात चहाचा ग्लास असतो आणि दुसरा पिस्ताच्या पाठीवर. तेवढ्यावर ती हलते. संध्याकाळी औषधाच्या दुकानासमोर लावलेली पिस्ता सकाळी इस्त्रीवाल्यासमोर सापडते. एकदा आम्ही चार दिवस अलेक्झांड्रियाला होतो. परत आलो तर ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून उभी. पुढे गेली ते ठीक आहे, तोंड कसं फिरलं हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

चाव्यांची संख्या: एक. पण तिचं कुलूप इतकं झिजलंय की इस्त्रीवाल्याच्या कपाटाची चावी चालते. औषधवाल्या हिंदबाईंच्या फ्रिजची चालते. तिसऱ्या मजल्यावरच्या हज्जा तफीदा चहाच्या डब्याला कुलूप लावतात, त्याचीही चालते.

*

सेडान मंगळवारी आली. खोटं कशाला बोलू? गाडी सुंदर होती. आत बसून दार लावलं की शुब्रा बंद व्हायचं. मला माझ्या पोटातला आवाज ऐकू आला. सुहेरने आसनाची कळ दाबली. आसन गरम झालं, मग पाठ चोळू लागलं, मग हळूहळू तिला घेऊन वर आलं, ताटातली वस्तू पुढे करावी तसं. ती एक पाय टाकून सरळ बाहेर उतरली. परत बसली. परत उतरली. पाच वेळा.

"कळ कुठली ते लक्षात ठेव," ती म्हणाली.

गाडी लावताना मी हँडब्रेक शोधला. खाली घ्यायचा म्हणून. नव्हताच. मग सवयीने न्यूट्रल केलं आणि इंजिन बंद केलं. पडद्यावर दोन अक्षरं उमटली आणि विझली. मला वाटलं, निरोप घेतला असेल.

बुधवारी मी बाल्कनीतून तिला अकरा वेळा पाहिलं. टपावर मांजर बसलं होतं. मांजराला नखं असतात हे इतक्या वर्षांत कधी मनात आलं नव्हतं. खाली जाऊन मांजर उचललं. वर आलो तर दुसरं.

गुरुवारी शहराच्या मध्यावर एका दंतवैद्याकडे कवळी पोचवायची होती. तिथल्या गर्दीत सेडान न्यायचा धीर झाला नाही. मी मेट्रोने गेलो. आयुष्यातली सगळ्यात भारी गाडी दारात, तिची चावी खिशात आणि मी दांडीला लोंबकळत. हे सुहेरला सांगितलं नाही.

*

त्याच गुरुवारी मार्लीनचा संसार निघायचा होता. फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र, गाद्या, पातेली आणि काचेचं कपाट, ज्यातले बहात्तर पेले कधी कोणी वापरत नाही. सगळं ट्रकात चढवायचं, पुढेमागे गाड्या, वाटभर हॉर्न, आणि नव्या घराच्या दारात फादीची आई सरबत घेऊन उभी. ट्रक बुधवारीच येऊन आमच्या बाल्कनीखाली पहिल्या रांगेत लागला होता. त्याला चिकटून, बाहेरच्या अंगाला, मी सेडान लावली होती. म्हटलं, आपलाच ट्रक आहे.

दवाखान्यात माझा फोन कोटात होता आणि कोट खुंटीला. आत एक निवृत्त न्यायाधीश नवी कवळी लावून पेरू चावून बघत होते. त्यांचा पहिला पेरू संपला तेव्हा गल्लीच्या फोनगटावर हे चाललं होतं. गटाचं नाव: 'गाड्या सोडून दुसरं बोलू नये'.

११:५२ हज्जा तफीदा: डॉक्टर, तुमची काळी म्हैस जरा पुढे सरकवतोय. पोरीचा संसार चढवून झाला.

११:५५ अम्म बयूमी (बोलका निरोप, धाप लागलेली): डॉक्टर, ही हलत नाही.

११:५८ अम्म बयूमी: सहा जण आहोत. हलत नाही.

१२:०१ इस्त्रीवाला: आठ.

१२:०३ हज्जा तफीदा: हँडब्रेक ओढून गेले असतील का?

१२:०३ अम्म बयूमी: डॉक्टर? हँडब्रेक? हज्जा, भल्या माणसाची अब्रू काढू नका.

१२:०९ इस्त्रीवाला: बारा जण. आता ती ओरडतेय.

१२:१० हज्जा तफीदा: ओरडू दे. मी इथून जास्त ओरडीन.

१२:१४ मार्लीन: बाबा फोन उचला

१२:१४ मार्लीन: बाबा

१२:२२ अम्म बयूमी: उचलून बाजूला ठेवत होतो. पिस्ताला चौघं पुरतात. हिच्याखाली हातच जात नाही.

१२:३१ सुहेर: वग्दी, तू आज घरी येऊ नकोस.

१२:३३ सुहेर: ये. चावी घेऊन ये.

१२:३८ मार्लीन: फादीची आई विचारतेय निघालात का

१२:४० सुहेर: पिस्ता कुठे आहे?

१२:४० हिंद, औषधं: माझ्या दुकानासमोर. नेहमीसारखी.

१२:४१ इस्त्रीवाला: चावी आणू का? कपाटाची?

१२:४१ हिंद, औषधं: फ्रिजची देते.

१२:४१ हज्जा तफीदा: थांबा सगळे. चहाचा डबा घेऊन मीच खाली येते.

यानंतर काही नाही. एक्केचाळीस न उचललेले फोन, आणि मग शांतता.

*

मी मेट्रोतून धावत वर आलो तेव्हा दोन वाजले होते. गल्लीत कोणी नव्हतं. ट्रक जिथल्या तिथे, त्यावर फ्रिज दोरीने बांधलेला, गाद्या गायब. सेडान जिथल्या तिथे. तिच्या मागच्या बाजूला, धुळीत, बारा जणांच्या पंजांचे ठसे. शेजारी खुर्ची टाकून, गाडीकडे पाठ करून, अम्म बयूमी बसला होता. हातात चहा नव्हता.

"या, उस्ताझ वग्दी," तो म्हणाला.

उस्ताझ म्हणजे साहेब. तेवीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा डॉक्टर म्हटलं नाही. मी डॉक्टर नाही हे खरंच आहे, पण ते त्या क्षणी जितकं लागलं तितकं कधी लागलं नव्हतं.

"शपथ घेऊन सांगतो, मी हँडब्रेक लावला नव्हता. तिला तो नाहीच."

"मग धरलं कोणी तिला?"

"तिनेच स्वतःला. बंद केली की आपोआप चाकं आवळून घेत असणार."

"मालकाला न विचारता?"

"हो."

अम्म बयूमीने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"या गल्लीत मी पंक्चर झालेल्या गाड्या हलवल्या," तो म्हणाला. "चाकं चोरीला गेलेली हलवली. नवरा-बायको आत बसून भांडत होती ती हलवली, त्यांना कळलंही नाही. इतक्या वर्षांत ही पहिली गाडी, जिला माझी गरज नाही."

इतक्यात कोपऱ्यावरून हॉर्न ऐकू आला. लग्नाचा ठेका, पण घसा बसल्यासारखा. तो मी कुठेही ओळखला असता. पिस्ता गल्लीत शिरली. टपावर दोऱ्या लोंबत होत्या, मागच्या आसनावर फादी आणि मार्लीन, पुढे मांडीवर चहाचा डबा घेऊन हज्जा तफीदा. मागून गल्लीतल्या पाच गाड्या. आणि पिस्ताच्या स्टिअरिंगवर सुहेर. सुहेरने पंधरा वर्षं गाडीला हात लावला नव्हता. तिचे केस सुटले होते आणि गाल लाल झाले होते.

"गाद्या पोचल्या, पातेली पोचली, पेले पोचले," ती खिडकीतून ओरडली. "एक फुटला, तो हज्जांकडून. ही दुसरी खेप. बाजूला हो!"

"तुझा गुडघा?"

"तो क्लचवर आहे. त्याला वेळ नाही."

"काकू उजवीकडचं वळण दुसऱ्या गिअरमध्ये घेतात," फादी मागून म्हणाला. त्याचा चेहरा जरा पांढरा होता. "पुलावरसुद्धा."

"बाबा, तुमचं आणि माझं बोलणं बंद आहे," मार्लीन म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून तोंड फिरवलं.

मी सेडानमध्ये बसलो, एक कळ दाबली. इतक्या माणसांना न हललेली गाडी मांजरासारखी पुढे सरकली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्रक निघाला. पुढे पिस्ता, मागे फ्रिज. नव्या घराच्या दारात सरबत तोवर कोमट झालं होतं, पण फादीची आई मांड्यांवर थापा मारून हसत होती, कारण सुहेरला बाहेर काढायला तिनेही एक हात धरला होता.

*

गाडी बदलण्याचे कारण:

शुक्रवारी मी ही ओळ दिवसभर कोरी ठेवली.

शनिवारी संध्याकाळी मकरम आला. मी अर्ज घेऊन खाली उतरलो. सुहेर मागून. अम्म बयूमी खुर्ची घेऊन जवळच होता, हज्जा तफीदा बाल्कनीत. त्या गाजर किसत होत्या, म्हणजे ऐकत होत्या.

मकरमने आधी सेडानवरचे पंजांचे ठसे पाहिले. "हे काय? मारामारी झाली?"

"ढकलत होतो," मी म्हणालो. "ती ढकलता येत नाही, मकरम बे."

"गाडी ढकलायची कशाला?"

याचं उत्तर कोणालाच कधी द्यावं लागलं नव्हतं. शेवटी अम्म बयूमीने उठून जवळची एक गाडी दोन बोटांनी वीतभर पुढे नेली आणि परत आणली. मकरमने वाकून तिची चाकं पाहिली. मग त्याचा चेहरा उजळला.

"एवढंच ना? पुस्तकात पान दोनशे चौदा. ब्रेकवर पाय, ही कळ धरून ठेवायची, चावी आतच ठेवायची. राहते न्यूट्रलमध्ये! अडचण संपली!"

अडचण संपली, आणि माझं भक्कम कारणही. दोन दिवस मी त्या कारणावर टेकून बसलो होतो. आता मागे काहीच उरलं नाही. मकरम पेन पुढे करून उभा. उद्या लग्न. वर हज्जांची किसणी थांबली.

"मकरम बे," मी म्हणालो, "गाडी उत्तम आहे. तिच्यात काही खोट नाही. पण मला नको. मला माझीच हवी. याला कारण नाही."

त्याने पेन खाली घेतलं. "कारण नाही?"

"नाही. तुम्ही भंगार म्हणालात त्या दिवसापासून मला भूक नाही. एवढंच."

"खोटं," सुहेर म्हणाली. "काल तीन वाट्या मुलुखियाची पातळ भाजी खाल्ली यानं." मग ती पुढे झाली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. मंगळवारी पाच वेळा चढली-उतरली होती ती. "मकरम, मी एक विचारू का? हे आसन सुटं मिळतं का?"

"आसन?"

"हेच. वर येणारं. गाडी राहू दे. मला आसन पाहिजे."

मकरम आधी हसला. मग हसायचा थांबला. तो शेवटी धंदेवाला माणूस, डोळ्यांत विचार दिसला. "माझ्या आवारात मागे एक ठोकलेली पडलीय, याच जातीची. पुढून गेली, आसनं शाबूत आहेत. पण या डब्यात ते बसणार कसं?"

"ते उस्ता हमदूनवर सोडा," अम्म बयूमी म्हणाला. "कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. तो चर्चची घंटासुद्धा या गाडीत बसवील."

"पैसे?" मी विचारलं.

"लग्नाचा आहेर," मकरम म्हणाला आणि माझ्या हातातला अर्ज ओढून घेतला. कारणाच्या कोऱ्या ओळीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: 'गाडी तीच. आसन बदलले.' खाली त्याने सही केली आणि माझीही घेतली.

"डॉक्टर," अम्म बयूमी म्हणाला, "पिस्ता गॅरेजपर्यंत ढकलू?"

*

रविवारी चर्चच्या दारात पिस्ता थांबली. मागे मार्लीनचा झगा, त्याच्या आत कुठेतरी मार्लीन. मी उतरून पलीकडे गेलो, सवयीने दोन्ही हात पुढे केले. सुहेरने ते बाजूला सारले आणि कळ दाबली. पिस्ताचे दिवे मंद झाले, इंजिनाने दीर्घ श्वास घेतला, आणि काळ्या चामड्याच्या त्या सिंहासनावर बसून माझी बायको हळूहळू वर आली. इतकी वर, की टोपी छताला टेकली. एक पाय टाकून ती उतरली. फादीच्या आईने जिभेचा लग्नातला तो लांब, थरथरता आवाज काढला आणि पायऱ्यांवरच्या सगळ्या बायकांनी तो उचलला.

विधी संपवून बाहेर आलो तर पिस्ता जागेवर नव्हती.

अम्म बयूमी त्याच लोकरी जाकिटात, खिशाला फूल लावून, गुलाबाचं सरबत पीत उभा होता.

"डॉक्टर, ती तिकडे झाडाखाली आहे. आतली एक गाडी निघायची होती."

"तुम्ही ढकललीत? आजसुद्धा?"

"माझ्या हातात ग्लास होता," तो म्हणाला, आणि हनुवटीने झाडाकडे खूण केली. तिथे भारी सुटातला मकरम रुमालाने हात पुसून, पिस्ता खरंच किती सहज सरकते, हे फादीच्या बापाला दुसऱ्यांदा ढकलून दाखवत होता.